पिकअपने ओळखलेली चेटकीण

"ठेव हात!" वस्ती राखणाऱ्या नाटदेवाचा भगत ऊ फो न्यों गरजला, तशी दोनशे माणसं पुढे सरकली.

दॉ एम्याने हात पिकअपच्या मडगार्डवर टेकवला. त्याच क्षणी इंजिन फाडकन शिंकलं आणि उघड्या बोनेटखालून वीतभर जाळ उसळला. बाया किंचाळल्या. तिच्याआधी अकरा जणांनी हात ठेवले होते, तेव्हा गाडी नुसती गुरगुरत होती.

"बघितलंत? नाटदेवाने बोट दाखवलं!" फो न्योंने डोक्याचा लाल रुमाल झटकला. "हीच चेटकीण! आपल्या गाडीचा प्राण हिने शोषला! सूर्य बुडायच्या आत हिने वस्ती सोडायची!"

ही पिकअप आम्ही मिन्जानच्या नदीकाठच्या लोकांनी वर्गणी काढून घेतलेली. जपानी, माझ्या थोरल्या लेकीएवढी जुनी. आजाऱ्याला इस्पितळात न्यायला वस्तीत दुसरं काही नाही. महिन्यापूर्वी इंजिन खोलून नव्याने बांधलं आणि तेव्हापासून तिच्यात जीवच राहिला नाही. गेल्या आठवड्यात ती चढावर बंद पडली, आणि तापाने फणफणलेली को टुन शेची मुलगी वाटेतच गेली. चार वर्षांची होती. लोकांना आता कुणीतरी हवंच होतं. एम्या विधवा, एकटी, आणि देवळाशेजारची जागा फो न्योंला द्यायला नकार दिलेली. झालं!

मी तीस वर्षं पोरांना इंजिनं शिकवली. मला राहवेना. चालकाच्या जागी फो न्योंचा भाचा बा खे बसला होता. अकरा जणांच्या वेळी त्याचा गुडघा हलला नव्हता, एम्याच्या वेळी हलला.

"उतर रे खाली!"

"मास्तर, देवाच्या कामात..."

"उतरतोस की कान धरू?"

मी त्याच्या जागी बसलो. वस्तीचे मुखिया ऊ चॉ डिन यांना म्हटलं, "काका, ठेवा हात." त्यांनी ठेवला. मी अ‍ॅक्सिलरेटर खाडकन दाबला. फाड! तोच जाळ. मुखिया दोन पावलं मागे उडाले.

"मी... मी चेटूक करतो?"

"छे हो! तुमच्या वेळी मी पाय दाबला, तिच्या वेळी या दिवट्याने."

गर्दीत कुणीतरी हसलं. फो न्यों मात्र पक्का. "मग गाडी आजारी कुणी पाडली? सांगा ना! मिस्त्री तर म्हणतो, इंजिनातल्या चाकांच्या खुणा जुळवूनच बांधली!"

"जुळवल्या होत्या, मास्तर," मिस्त्री को सेन पे रडवेला झाला. "पोरांची शपथ."

"माझा विश्वास आहे तुझ्यावर. बांधल्यावर पहिल्यांदा काय केलंस?"

"नाटदेवाला वंदन. तीनदा पुढे, तीनदा मागे. सगळेच करतात की."

"इंजिन चालू करून?"

"नाही, ढकलून. हे भगत म्हणाले, वंदनाआधी इंजिनाचा आवाज नको. आणि गियर टाकूनच ढकला, नुसत्या चाकांनी नाही, इंजिनानेही वाकायला हवं."

कपाळ माझं! मी पाने मागवले. दोन तास खपून इंजिनाचं पुढचं झाकण काढलं आणि मुखियांना जवळ बोलावलं.

"हे खालचं चाक पिस्टनचं, वरचं व्हॉल्व्हचं. दोघांना बांधणारी ही साखळी. दोन्ही चाकांवरच्या खुणा समोरासमोर आल्या, तरच व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात, वेळेवर मिटतात. आता बघा."

"खूण एक दाता सरकलीय," मुखिया म्हणाले.

"हो. साखळी ताणून धरणारा हा खुंट तेलाच्या दाबावर चालतो. न चाललेल्या इंजिनात दाब कुठला? गियरमध्ये मागे ढकललंत, इंजिन उलटं फिरलं, ढिली साखळी एक दाता चुकली. मग ताकद गेली, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की जळता वायू उलटा बाहेर. पोरीचा जीव या वंदनाने घेतला."

को टुन शे फो न्योंला शोधायला वळला. फो न्यों कधी सटकला ते कळलंही नाही.

खुणा जुळवून झाकण बसवलं. पहिल्याच किल्लीला इंजिन सुरेख सुरू झालं. मी हात पुसत विचारलं, "एम्याबाई कुठेत?"

एका पोराने नदीच्या धक्क्याकडे हात केला. आम्ही साखळीत डोकं घालून बसलो होतो, तेवढ्यात पाच-सहा जणांनी तिची झोपडी मोडली होती आणि तिला दगड मारत धक्क्यावर नेलं होतं.

आम्ही पिकअप तिकडे दामटली. ती होडीत बसली होती. कपाळ फुटलेलं, मांडीवर एक गाठोडं.

"मावशी, गाडी सुधारली," को सेन पे म्हणाला. "तुमचा काही दोष नव्हता. घरी चला."

तिने आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. "आणि पुढच्या महिन्यात परत बिघडली तर?"

तिने नावाड्याला मानेनेच खूण केली. नावाड्याने दोर सोडला.

लोकहो, ते झाकण काढायला मला दोन तास लागले. ते महिन्यापूर्वीच काढता आलं असतं. मीही वस्तीतच होतो, बोलवायची वाट बघत घरी बसलो. यंत्र बिघडलं तर ते आधी खोलून बघा, आणि कुणी बोलावलं नाही तरी जा.