एका मलमाच्या ट्यूबची धास्ती

मित्रांनो, मी एक जुनी मलमाची ट्यूब आहे. पोट चेपलेली, शेपूट गुंडाळलेली. कारखान्यात माझ्या पोटात पांढरं मलम भरलं गेलं आणि अंगावर बारीक अक्षरांत सूचना छापल्या गेल्या. त्या या घरात कोणीच वाचल्या नाहीत.

डॉक्टरांनी मला आजोबांच्या पायावरच्या इसबासाठी दिलं होतं. खाज थांबली आणि आजोबा खूश! "रामबाण आहे ही," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मीही फुशारून गेले. मग माझी रवानगी फ्रिजच्या दारात झाली. घरात कोणाला काहीही खाजलं की माझंच टोपण उघडायचं.

एकदा सुनेच्या कोपराच्या आतल्या बाजूला लाल चट्टा उठला. गोल, कडा उंच आणि खरखरीत, मधली कातडी मात्र बरीचशी स्वच्छ. कडेवरून कोंडा सुटायचा आणि खाज तर जीव नकोसा करायची. हा बुरशीचा नायटा, हे मी ओळखलं. माझ्यातलं स्टेरॉइड फक्त लाली आणि खाज दाबून टाकतं. बुरशीला माझ्यामुळे उलट मोकळं रान मिळतं. पण मला विचारतो कोण?

सून मला चोळत राहिली. लाली उतरली. "बघा बाबा, गेलं!" ती म्हणाली. लावणं थांबवताच चट्टा पसरून परत आला, आता कडाही पुसट. माझा थरकाप उडाला, कारण तिचं तान्हं बाळ त्याच हातावर गाल टेकून झोपायचं.

आणि एका सकाळी बाळाच्या गालावर इवलंसं लाल कडं दिसलं.

आजोबांनी मला उचललं. "हात्तिच्या! आत्ता जाईल बघ." माझं मलम त्यांच्या बोटावर आलं. बोट गालाकडे निघालं.

"बाबा, थांबा!" सून ओरडली. "माझं पण आधी अस्संच गोल होतं. गेलं कुठे? वाढलंच की! बाळाला नको."

"अगं, पण मला लागू पडलं होतं..."

"तुमचं दुखणं वेगळं होतं, बाबा."

डॉक्टरांनी मायलेकरांना तपासलं. "नायटाच आहे. बरा होईल, पण त्याचं औषध वेगळं. ही ट्यूब बंद. आणि टॉवेल प्रत्येकाचा वेगळा ठेवा."

आजोबांचा चेहरा उतरला. "मी बाळाला लावणारच होतो हो."

आता मी कचऱ्याच्या डब्यात आहे. त्याचं दुःख नाही, भीती मात्र गेलेली नाही. मित्रांनो, तुमच्याही फ्रिजच्या दारात माझी एखादी बहीण असेल. गोल, खाजरा चट्टा दिसला तर तिचं टोपण उघडण्याआधी डॉक्टरांना दाखवा. त्या दिवशी सून ओरडली म्हणून बाळ सुटलं. आम्हाला ओरडता येत नाही.