झिजलेला तळ

टाचेच्या आतल्या कडेला, करंगळीच्या नखाएवढ्या जागेत, कातडं गुळगुळीत झालं होतं – आणि कारागिराचा अंगठा तिथंच थांबला. अख्खा जोडा त्याच्या तळहातावर मावत होता. वरून ओल्या फडक्यानं पुसून अगदी लखलखीत केलेला… पण तळ कोण पुसतो? चाळीस वर्षं त्यानं जोडे शिवले, दुरुस्त केले, आणि तेवढ्या काळात एकाही माणसानं त्याच्याकडे तळ पुसून आणला नव्हता. माणसं वरून पुसतात आणि निर्धास्त होतात.

ज्या वर्षी त्याच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले, त्या वर्षीची ही गोष्ट. नात तेव्हा तेरा महिन्यांची होती. गोल, घट्ट, धरायला जावं तर हातातून निसटणारी, म्हणून सगळे तिला गोटी म्हणत. ऑक्टोबर लागला होता, सकाळी बोटं गार पडत आणि दुपारी ऊन डोळ्यांवर येई. सुनेच्या वडिलांचं, म्हणजे मास्तरांचं, छातीचं दुखणं वाढलं म्हणून सून गोटीला घेऊन बारा दिवस माहेरी राहिली होती, तीन गल्ल्या पलीकडे. आता मास्तरांची बहीण तिथं येऊन राहिली, तेव्हा सून या रविवारी सकाळी परतली. जोडे दाराशी काढून ठेवलेले. जायच्या आदल्या दिवशी त्यानंच ते शिवून दिले होते. ‘रांगणाऱ्या पोरीला जोडे कशाला?’ असं बायको म्हणाली, तेव्हा तो म्हणाला होता, ‘पायांना सवय नको? इथं परत येईल तेव्हा चालेल ती, बघ तू.’

इथं परत येईल तेव्हा…

त्यानं जोडा खिडकीशी नेला. रांगणाऱ्या पोराचा जोडा पुढं नाकावर घासतो. धरून उभं राहणाऱ्याचा चवड्याखाली घासतो, कारण ते पोर टाचा उचलून वरच्या वस्तू ओढत असतं. आणि सगळा तळ सपाट, टाचेची आतली कड गुळगुळीत – हा चालणाऱ्याचा जोडा. आठ दिवस चाललेल्याचा. सात म्हणा हवं तर. आणि टाक्यांच्या खाचेत काहीतरी पिवळट चुरा अडकला होता. त्यानं नखानं तो काढला. वाळलेलं पान. या गल्लीत झाड नाही. झाड मास्तरांच्या अंगणात आहे, आणि त्या झाडाखाली, पडलेल्या पानांवरून, माझी नात आठ दिवस चालत होती, आणि मास्तर खिडकीशी खाटेवर उशांना टेकून ते बघत होते.

‘आबा, काय बघताय एवढं?’ सून आतून म्हणाली.

‘टाका बघतोय.’

‘उसवला का?’

‘नाही. टाका उसवलेला नाही.’

‘मोतीबिंदू काढल्यापासून ह्यांना नको ते दिसायला लागलंय,’ बायको म्हणाली. ‘काल मला म्हणतात, तुझ्या हनुवटीवर केस आहे. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, आणि काय बघितलं तर हे!’

दोघी हसल्या. गोटीही हसली, कशाला ते न कळता. तो हसला नाही. सून त्याच्या डोळ्यांकडे न बघता पिशवीतले कपडे काढत होती, एकेक झटकत होती, आणि बारा दिवसांचं सगळं सांगत होती – तिच्या अण्णांना, मास्तरांना, रात्री झोप कशी नाही, आत्याबाई किती बोलतात, गोटीनं चष्म्याची काडी कशी मोडली… एवढं सगळं सांगितलं. चालली हे तेवढं नाही.

पहिला दात मास्तरांना कळला होता. ते चमच्यानं पाणी पाजत होते आणि चमचा टणकन वाजला. तारीख लगेच वहीत. पोटापासूनचं पहिलं हसू – मास्तरांकडे. तेही वहीत. जाडजूड वही होती, निळ्या पुठ्ठ्याची, आणि तिच्यात मास्तर त्या वळणदार अक्षरात गोटीचं एकेक लिहीत. कोणी भेटायला गेलं की वाचून दाखवत. सगळे ऐकत. त्यालाही ऐकावं लागे. घरी येताना बायको म्हणे, किती हौस हो त्यांना! आणि त्याच्या पोटात काहीतरी आंबट व्हायला लागे. दात त्यांचा, हसू त्यांचं, असू दे. पण पाय? पाय हा माझा विषय. पायाचं काय ते या घरात व्हावं, माझ्यासमोर व्हावं, एवढंच त्यानं मनात धरलं होतं. कोणाला बोलून दाखवलं नव्हतं… की दाखवलं होतं? जोडे देताना दाखवलंच की.

कारण मुलाच्या वेळी तो नव्हता. तेव्हा जोड्यांच्या कारखान्यात दिवस उजाडायच्या आत जावं लागे. एका संध्याकाळी तो दारात आला आणि मुलगा आतून चालत आला, चक्क चालत, हात वर करून. कधीपासून, असं त्यानं विचारलं. ‘झाले की चार दिवस,’ बायको म्हणाली होती, ‘तुम्ही येता तेव्हा तो झोपलेला असतो. आता चालत येतोय ना तुमच्याकडे? मग आणखी काय हवं?’ आणखी काय हवं ते तेव्हा त्याला सांगता आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पायाच्या आकाराच्या लाकडी फर्म्यावर कातडं ओढताना त्यानं ते इतक्या जोरानं ओढलं की फाटलं.

साडेअकराला सून म्हणाली, ‘आबा, तुम्ही तिथं बसा ना, भिंतीशी. पाय पसरून.’

‘का?’

‘बसा हो.’

तो बसला. बायको हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली, हात पुसत. मुलगा मोबाइल समोर धरून कोपऱ्यात तयार. रविवारी साडेअकराला या घरातली तीन माणसं एकाच वेळी रिकामी! एरवी एक हाक मारली तर तिघांतलं एक उत्तर देत नाही.

सुनेनं गोटीला कपाटाशी उभं केलं आणि हात काढला. गोटी निघाली. वाटेत स्टूल होतं, त्याला वळसा घालून आली. पहिल्या पावलाला वळसा घालता येतो होय? पहिलं पाऊल टाकणारं पोर दोन्ही हात वर धरतं, शरण आल्यासारखं. हिचे हात खाली होते, आणि एका हातात चमचा होता. सात पावलं. सातव्याला ती त्याच्या गुडघ्यांवर आपटली आणि चमचा त्याच्या नाकावर मारला.

‘चालली! आबा, चालली!’ सून ओरडली. ‘पहिलं पाऊल! तुमच्याकडेच आली बघा!’

‘आबांची वाट बघत होती कार्टी,’ मुलगा म्हणाला. जरा मोठ्यानंच म्हणाला.

‘झालं ना तुमच्या मनासारखं?’ बायको म्हणाली, आणि तिच्या आवाजात त्याला ऐकू आलं की ही पण सामील आहे.

त्यानं गोटीला छातीशी धरलं. आनंद झाला नाही असं नाही. झाला, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं, आणि ते बघून सून कृतकृत्य झाली. पण उष्टा आनंद. दुसऱ्यानं आठ दिवस पोटभर घेतलेला आणि मग ताट पुसून, जसा काही कोणी हात लावला नाही असा, माझ्यापुढं ठेवलेला. एवढे कसे हे लोक मला… आणि कोणाच्या सांगण्यावरून? सून-मुलगा स्वतःहून एवढं बेमालूम करणार नाहीत. यात मास्तरांचं डोकं. आजारी असून डोकं चालतंय.

जेवण झाल्यावर त्यानं उजव्या पायाचा जोडा खिशात घातला.

‘कुठं निघालात?’

‘मास्तरांना बघून येतो.’

‘आज? स्वतःहून?’ बायको म्हणाली. ‘देव पावला.’

रस्त्यावर ऊन होतं आणि सावलीत गारवा होता. त्यानं काय बोलायचं ते जुळवलं. मास्तर, म्हणायचं, तुम्ही मला काय समजता? अक्षरं तुमची, कबूल. पण जोडा माझा आहे. हा बघा तळ… पण ‘अक्षरं तुमची’ इथं येऊन त्याचं गाडं थांबे, आणि पुन्हा पहिल्यापासून जुळवावं लागे. कारण मुलाच्या लग्नाची नोंद करायला सगळे कचेरीत गेले होते तेव्हा त्यानं अंगठा उठवला होता, एकसष्टाव्या वर्षी, आणि मास्तरांनी ते बघून लगेच दुसरीकडे बघितलं होतं. आठवड्यानं निरोप आला: रविवारी चहाला या. गेला तर चहाच्या शेजारी पाटी. ‘कोणाला सांगायचं कारण नाही,’ मास्तर म्हणाले होते. ‘व्याही भेटतात, गप्पा मारतात.’ दीड वर्ष गप्पा मारल्या. आकडे त्याला येत होते, फर्म्यांवर असत म्हणून. अक्षरं या माणसानं दिली. मग चिडायचं तरी कसं? उपकार घेतलेल्या माणसावर जळणं हे फार अवघड काम आहे. मोकळेपणानं जळताही येत नाही.

अंगणात पानांचा थर होता. त्यानं खाली बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. लहान पावलं पानांवर उमटत नाहीत.

मास्तर खिडकीशीच होते. गळ्याची हाडं वर आलेली.

‘या कारागीर! ऐकलं ते खरं का?’

‘काय ऐकलं?’

‘चालली म्हणे. फोन आला होता.’

‘चालली.’

‘पावलं मोजली का?’

‘सात.’

‘सात!’ मास्तर हसले आणि हसण्याचा खोकला झाला. तो थांबेपर्यंत बराच वेळ गेला. ‘माझ्याकडे बारा दिवस नुसती बूड टेकून बसली. म्हटलं आळशी आहे, आईवर गेली. तुमच्याकडे जाऊन बरी चालली लबाड!’

‘लबाड’ म्हणताना त्यांनी डोळे मिचकावले नाहीत, नजर चुकवली नाही. आयुष्यभर पोरांच्या थापा पकडलेला माणूस. थाप कशी मारावी हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार?

त्यानं खिशातून जोडा काढला आणि पांघरुणावर उलटा ठेवला. तळ वर.

मास्तरांनी चष्मा चढवला, एका काडीचा, दुसऱ्या बाजूला दोरा. जोडा हातात घेतला. बघितला. नीट, वेळ घेऊन, ते कुठलाही कागद बघत तसा, वरून खाली.

‘टाके किती बारीक हो,’ मास्तर म्हणाले. ‘आणि सगळे एका ओळीत. मला पट्टी लावून रेघ अशी येत नाही.’

त्यांना दिसलं नव्हतं. गुळगुळीत कड त्यांच्या अंगठ्याखाली होती, आठ दिवस सगळे तिच्यात होते, आणि हा एवढा शिकलेला माणूस तिच्यावरून अंगठा फिरवत होता आणि त्याला एक अक्षर लागत नव्हतं. क्षणभर कारागिराला इतकं बरं वाटलं – इतकं, की त्याची त्यालाच लाज वाटली. मग वाटलं, पाटीशेजारी बसून मी ‘क’ उलटा काढत होतो तेव्हा यांना असं बरं वाटलं असेल का? नसेल. ते तसे दिसले नव्हते. शिकवू का, हे जिभेपर्यंत आलं. इथं बघा मास्तर, ही कड अशी झाली की समजायचं…

खाटेखाली मास्तरांच्या चपला होत्या. एक पालथी पडली होती. तळ त्याला आपसूक दिसला: धूळ बसलेली, आणि धुळीखाली कुठं नवी झीज नाही. महिनाभर तरी या चपला जमिनीला लागल्या नव्हत्या.

त्यानं जोडा परत घेतला. ‘जरा सैल करून देतो,’ तो म्हणाला. ‘पाय वाढतोय तिचा.’

‘वाढणारच,’ मास्तर म्हणाले. ‘चालायला लागली ना आता.’

मग आत्याबाईंनी चहा आणला आणि त्यांच्यापुढं कोणालाच बोलता आलं नाही.

दहा-अकरा दिवसांनी सुनेनं निळ्या पुठ्ठ्याची वही त्याच्यापुढं ठेवली. रडून तिचा चेहरा सुजला होता. ‘अण्णांनी तुम्हाला द्यायला सांगितली होती,’ ती म्हणाली. ‘पुढचं आबांनी लिहायचं म्हणाले.’ आणि उभी राहिली, काहीतरी सांगायचं असल्यासारखी. मग आत गेली.

तो खिडकीशी बसला आणि बोट ठेवून वाचायला लागला. त्याचं वाचणं अजून सावकाश होतं. शेवटचं लिहिलेलं पान: रविवार, बारा तारीख. गोटीनं आज पहिलं पाऊल टाकलं. आबांच्या घरी, आबांकडे. सात पावलं. तीच वळणदार अक्षरं, पण रेघा हललेल्या. शाईत, तारखेसकट थाप. ज्या माणसानं दीड वर्ष त्याची एकही वेलांटी चुकीची ठेवू दिली नाही, त्यानं हे लिहून ठेवलं होतं.

त्यानं पान मागं उलटलं. शनिवार, चार तारीख. खाली दोन ओळी होत्या, आणि त्या इतक्या गच्च गिरवून काढल्या होत्या की काही उरलं नव्हतं. शनिवार ते रविवार – आठ दिवस. त्यानं पानाच्या मागच्या बाजूनं अंगठा फिरवला. पेन जोरात दाबलेलं. अक्षरं उलटी वर आली होती, कातड्यावर आरीच्या टोकानं आखल्यासारखी. त्याच्या अंगठ्याला ती लागली असती. थोडा वेळ दिला असता तर सगळं लागलं असतं – किती पावलं, कोणाकडे, पानांवरून की घरात, आणि ते बघून या माणसाला काय वाटलं ते.

अंगठा तिथंच राहिला. मला हे जमलं असतं का? आठ दिवस पोटभर बघून, लिहून, मग गिरवून टाकणं, कोणाचं म्हणून देऊन टाकणं? नसतं जमलं. मी गल्लीभर सांगितलं असतं. म्हणजे इथंही हाच पुढं… आणि ते जुनं आंबट पोटात पुन्हा उठलं, ओळखीचं, मात्र आता ते घेऊन तीन गल्ल्या चालत जायला कोणी नव्हतं. त्याला वाटलं, एकदा तरी भांडायला हवं होतं. तोंडावर. लबाड तुम्ही मास्तर, असं म्हणून, जोडा आपटून.

गोटी त्याच्या पायाला येऊन धडकली. जोडे नवे, एक बोट मोठे; टपटप वाजत होते. तिनं वहीवर हात मारला. तिचा हात त्यानं एका हातात धरून ठेवला, दुसऱ्या हातानं पेन उघडलं, आणि पहिल्या पावलाच्या ओळीखाली, ती ओळ तशीच ठेवून, एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं:

मंगळवार, एकवीस ऑक्टोबर. सकाळी सहा वाजता मास्तर वारले.