कोऱ्या बशीवरची चमक

मक्याला धरणारी एक बुरशी मोठी कपटी. ती दाण्यात विष सोडून निघून जाते, दाणा दिसायला चांगलाच राहतो, आणि तो वर्षानुवर्षं पोटात गेला तर एके दिवशी यकृतात कर्करोग निघतो. अंधाऱ्या खोलीत जांभळा दिवा लावला की असे दाणे हिरवट उजळतात. ते हुडकणं हे धान्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या एका बाईचं काम.

नमुन्यांच्या शेजारी दर वेळी एक कोरी, धुतलेली बशी ठेवायची. तिच्यावर काहीच दिसता कामा नये. त्या सकाळी तिच्यावर बोटांचे ठसे उजळले.

"साबण असेल," शेजारचा सहकारी म्हणाला. दिवसभर अंधारात बसतो म्हणून सगळे त्याला घुबड म्हणत. "माझा शर्ट बघ, नवरदेवासारखा झळकतोय."

"साबण पांढरा झळकतो. हे हिरवं आहे."

"मग तुझ्या मागे भूत लागलंय."

तिने हात खसाखसा धुतले, नवी बशी ठेवली. ठसे पुन्हा उमटले, जरा फिके. घुबडाने स्वतःच्या हाताने ठेवलेली बशी मात्र काळीकुट्ट राहिली. तिने हळूच तळवे दिव्याखाली धरले. नखांच्या कडांना बारीक हिरवी रेघ होती, जणू कोणी आतून दिवा लावला होता.

नमुन्यांना तर तिने अजून हातही लावला नव्हता. सकाळपासून तिची बोटं एकाच पिठात गेली होती. लेकीच्या लापशीच्या.

दिवा कधी कधी फसवतो, म्हणून तिने नखं कापसाने पुसून तो कापूस यंत्राला दिला. दुपारी निकाल आला. घुबडाने तो वाचला आणि त्याला विनोद सुचला नाही.

"घरी जा," तो म्हणाला. "हातात धरायचा छोटा दिवा घेऊन जा."

घरी सासूबाई नातीला मांडीवर घेऊन चमच्याने भरवत होत्या.

"आज लवकर गं? नोकरीवरून काढलं की काय?"

"आई, थांबा. हे पीठ कुठलं?"

"कुठलं म्हणजे? घरचंच. डब्यात ओल शिरली होती, मक्याला जरा बुरशी धरली. चोळचोळून धुतला, उन्हात वाळवला, खरपूस भाजला. तुझ्या यंत्राला जमणार नाही इतका निवडलाय."

तिने पडदे ओढले आणि दिवा लावला.

रोजचं स्वयंपाकघर दिसेनासं झालं. अंधारात फक्त डब्याचा काठ उजळला, मग चमचा, मग ओट्यावरून खाली गेलेली एक पुसट वाट. वाटेच्या शेवटी लेकीची हनुवटी. पोरगी खुदकन हसली आणि तिचे ओठही हिरवे चमकले.

तिने पोरीला उचललं, तोंड धुतलं, पुन्हा धुतलं.

"धुऊन बुरशी जाते, आई. विष जात नाही. भाजूनसुद्धा नाही. किती दिवस देताय हिला?"

"हिला? कालपासून." सासूबाईंचा आवाज बारीक झाला. "नातीच्या तोंडात भलतंसलतं घालीन का मी? आधी मी खाऊन बघते."

तिचा जीव भांड्यात पडला. एका दिवसाने पोरीचं काही बिघडणार नव्हतं. मग सासूबाईंचं शेवटचं वाक्य तिच्या ध्यानात आलं.

"तुम्ही कधीपासून खाताय?"

"ओल काय, दर पावसाळ्यात शिरते. तुम्हा सगळ्यांना चांगलं निवडून देते. उरलेलं टाकायचं कुठे? लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्याच पानात."

अंधारात सासूबाईंची बोटं तेवढी दिसत होती, मांडीवर एकमेकांत गुंतलेली, कांड्याकांड्याला हिरवी. हातांमागचं माणूस जणू तिथे नव्हतंच.

मग ती बोटं वर आली. त्यांनी दिव्याची नळी धरली आणि स्वतःच्या तोंडाकडे ओढली. सासूबाईंनी आ वासला. दातांच्या फटी उजळल्या, जिभेचं मूळ उजळलं. त्यापलीकडे नुसता काळोख.

"नीट बघ," त्या म्हणाल्या. "आत कुठवर गेलंय?"

"आत नाही दिसत यातून, आई."

पण त्यांनी तोंड मिटलं नाही.