मितेशच्या श्वासाचे थेंब

मित्रांनो, मी काचेची एक जुनी नळी आहे. हातभर लांब, मध्ये कोपरासारखी वाकलेली, आणि बुडाशी केसाएवढी चीर. माझा जन्म आगीत झाला. २००५ साली एका प्रयोगशाळेत गुरुदास नावाच्या कारागिराने मला निळ्या ज्योतीवर धरले. मी लालभडक होऊन लोंबू लागेपर्यंत त्याने मला भाजले, आणि मग माझ्या तोंडाला तोंड लावून फुंकर मारली. माझ्या पोटात गेलेली पहिली हवा माणसाच्या श्वासाची होती. अशा आम्ही बारा बहिणी घडलो. आज मी एकटीच उरले आहे.

आम्हाला घडवून घेतले वर्षालीताईंनी. त्या मूळच्या कुडाळच्या. पीएचडीसाठी त्यांनी एक अवघड प्रश्न हाती घेतला होता. काही मुले दिवस भरण्याआधीच, सातव्या-आठव्या महिन्यात जन्मतात. जगतात, वाढतात, शाळेत जातात. पण त्यांच्यातल्या काहींची फुप्फुसे कच्चीच राहतात. ते दुखणे सुई न टोचता, नुसत्या श्वासावरून ओळखता येईल का?

आमचे काम सोपे होते. आम्हाला बर्फात आणि जाड्या मिठात पुरून ठेवायचे. मुलाने दहा मिनिटे आमच्यात सावकाश श्वास सोडायचा. बाहेरून आम्ही गारठलेल्या, त्यामुळे श्वासातली वाफ आत थेंब होऊन साचायची. ते थेंब किती आंबट आहेत, हे ताई मोजत. आजारी फुप्फुसाचे थेंब जास्त आंबट, असा त्यांचा अंदाज होता. फुप्फुसांची ताकद मोजायचे एक फुंकायचे यंत्रही ताईंकडे होते; पण त्यात जोर लावावा लागतो, आणि मूल कधी घाबरते, कधी कंटाळते. आमच्यात जोर लावायचाच नव्हता. आमच्यापुढे सोंग चालत नाही, असा आम्हाला फार गर्व होता.

२००७च्या हिवाळ्यात आम्ही मालवणजवळच्या एका किनाऱ्यावर आलो. जाळी ठेवायची एक खोली ताईंनी झाडून घेतली. कारखान्यातून आपल्या टबात बर्फ भरून आणायचे काम बाबलीने आपणहून अंगावर घेतले. बाबली रापणकर होता. होडी समुद्रात अर्धगोल जाळे टाकून येते आणि किनाऱ्यावर दोन रांगा त्याचे दोर ओढतात, ती रापण. बाबलीच्या हाताला आख्ख्या किनाऱ्यावर जोड नव्हती.

त्याचा मुलगा मितेश दहा वर्षांचा होता. सातव्या महिन्यात जन्मलेला. त्याची आई आनंदी सांगायची, "एका हातात मावी इतको होतो. कापसात गुंडाळून जगवलंय." आता सुट्टीच्या दिवशी तोही दोराला लागे. पण वीस पावले मागे गेला की त्याची छाती भात्यासारखी उडे आणि हात सैल पडत.

"काय रे, दोर ओढतंस काय दोराक लोंबाकळतंस?" मागचा कोणी ओरडे.

"बाबली, तुझो झील दोराक धरून जत्रा बघता!" दुसरा म्हणे, आणि सगळी रांग हसे.

बाबली हसत नसे. घरी गेल्यावर तो दोराचे टोक दुहेरी करून हातात घेई. मितेश पहिल्यांदा माझ्याजवळ बसला, तेव्हा त्याच्या पाठीवर करंगळीएवढे जाड निळे वळ होते.

"हे वळ कसले रे?" ताईंनी विचारले.

"रापणीर पडलंय," तो म्हणाला, आणि त्याने मान वळवली.

फुंकायच्या यंत्राने त्याचा आकडा फार कमी दाखवला. पण त्याचे अंग दुखत होते, त्याने जोर लावला नसेल, असे ताईंना वाटले. मग तो माझ्यात दहा मिनिटे श्वास सोडत बसला. थेंब साचले. ताईंनी मोजले. थेंब अजिबात आंबट नव्हते.

बाबली दारातच उभा होता. "काय दिसता?"

"एका तपासणीवरून काही ठरत नाही, बाबलीकाका," ताई म्हणाल्या. "पण थेंब तरी बरे दिसतायत."

मित्रांनो, बाबलीने फक्त शेवटचे दोन शब्द ऐकले. तो मितेशला दंडाला धरून घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रापण लागली होती. आमच्या खोलीचे दार समुद्राकडे उघडे होते. मी बर्फात बसले होते, अकरा बहिणी मेजावर लाकडी घोडीत उभ्या होत्या. मितेश दोर सोडून वाळूत गुडघ्यांवर बसला, तेव्हा बाबली रांग सोडून त्याच्याकडे गेला.

"बरो आसस तू! नळयेन सांगल्यान बरो आसस! ऊठ!"

"बाबा, खरांच ओढतंय मी," मितेश म्हणाला. पुढचे शब्द त्याला आलेच नाहीत.

ओला दोर पाठीवर पडला की कसा आवाज होतो, तो तुम्ही कधी ऐकू नये. पहिला फटका पाठीवर बसला, दुसरा मानेवर. तिसऱ्याला पोर उताणे झाले, तरी हात थांबला नाही. आनंदी मासळीची टोपली टाकून धावली आणि मध्ये पडली. चौथा फटका तिच्या कपाळावर बसून रक्ताची धार लागली.

"ओ, सोडा तेका! मारून टाकशात काय पोराक?"

मितेशचे ओठ जांभळे झाले होते. डोळे उघडे होते, पण तो कुणाकडे बघत नव्हता. आनंदीने त्याला उचलून आमच्या खोलीत आणले. ताईंनी त्याच्या तोंडावर औषधाचा फवारा धरला, एकदा, दोनदा, सहादा. शेवटी छातीतून शिट्टीसारखा आवाज आला. एका टेम्पोतून आनंदी त्याला घेऊन दवाखान्यात गेली. ताईही निघाल्या, पण दारात बाबली आडवा उभा होता.

"तू सांगलंस बरो आसा म्हणान!" तो ओरडला. "तुझ्या नळयेंनी माका फसवल्यानी!"

त्याने घोडी उचलून भिंतीवर आपटली. माझ्या अकरा बहिणी एका क्षणात फुटल्या. मग त्याने बर्फाच्या टबाला लाथ मारली. टब उलटला, मी दगडी जमिनीवर आदळले आणि माझ्या बुडाशी चीर गेली. ताई मला वाचवायला वाकल्या. काचेने त्यांचा तळवा फाडला. रक्ताळलेला हात त्यांनी गार वाटावा म्हणून बर्फात खुपसला, तोंडाजवळ नेला, आणि तशाच थांबल्या.

"बाबलीकाका," त्या हळूच म्हणाल्या, "ह्या टबात आदी काय होता?"

"बांगडे. रोज धुतंय की!"

"कशान?"

"खाऱ्या पाण्यान. आणि कशान धुतत?"

ताईंनी हात पुढे केला. "वास बघा."

बाबलीने वास घेतला. त्याला त्यात काहीच विशेष वाटले नाही. जन्मभर तोच वास घेत आलेला माणूस तो. पण ताईंना सगळे कळले होते. शिळ्या मासळीतून जो उग्र वायू सुटतो, तो बर्फातून माझ्या तोंडाशी येत होता आणि थेंबांतला आंबटपणा मारून टाकत होता. बावीस मुले आम्ही तपासली होती. बावीसही बरी निघाली होती.

मित्रांनो, सोंग मितेश करत नव्हता. खोटी साक्ष मी दिली होती.

"चूक माझी," ताई म्हणाल्या. "मी बर्फ बघूक नाय. आणि ठरूच्या आदी बोललंय. पण तेका मारलास ता तुमी."

ताईंनी मागच्या परसातल्या पपईच्या कोवळ्या पानाचा बारीक, पोकळ देठ तोडला आणि कपड्यांचा चिमटा घेतला. "नाकाक चिमटो लावा. ह्या देठातून श्वास घेवा. आणि जावा, दोर ओढा. वीसच पावलां."

तो गेला. रापणकर हसू लागले. बाबलीने दोर धरला. पाच पावले तो नेहमीसारखा गेला. आठव्याला त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, डोळे बाहेर आले. अकराव्या पावलाला त्याने देठ थुंकला आणि वाळूत पडला. हसणे थांबले. तो बराच वेळ तिथेच, पोर पडले होते त्या जागी, तोंड उघडे टाकून पडून होता. मग तो उठला आणि दवाखान्याच्या वाटेने पळत सुटला.

मितेश आठ दिवसांनी घरी आला. ताईंनी माझी चीर मेणाने बुजवली, आणि नव्या डब्यातल्या स्वच्छ बर्फात बसून मी त्याचे थेंब पुन्हा गोळा केले. या वेळी ते आंबट निघाले. फुंकायच्या यंत्राचा आकडाही तेवढाच कमी आला. औषध सुरू झाले. आनंदीच्या कपाळावरचा व्रण मात्र गेला नाही. बापाने हात उचलला, अगदी टोपी काढायला उचलला, तरी मितेश कितीतरी महिने अंग चोरून घेई. बाबली ते बघे आणि हात खाली घेई.

रापणीच्या दिवशी मितेश आता उंच खडकावर बसे. पाण्याचा रंग कुठे बदलला, मासळी कुठे आली, हे बघून तो फडके हलवी. एकाने कुरकुर केली, तेव्हा बाबली म्हणाला, "तेच्या वाटणीचो दोर मी ओढतंय. कोणाक काय बोलूचा आसा?"

२०१० साली ताईंचा प्रबंध पुरा झाला. पहिल्या बावीस मुलांचे खोटे आकडे त्यांनी लपवले नाहीत. ते का चुकले, यावर एक अख्खे प्रकरण लिहिले. मला त्यांनी गावच्या शाळेला देऊन टाकले. आता मी कपाटात असते. मेण कधीच निघून गेले; चिरेतून थोडी धूळ आत जाते.

मित्रांनो, मला पुसा किंवा पुसू नका. पण तुमच्या वर्गात कोणी मागे राहत असेल, धापा टाकत असेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी थोडे थांबा. आणि माझ्यासारख्या वस्तूंनी सांगितले म्हणूनही लगेच विश्वास ठेवू नका. आम्हालाही तपासून बघा.

मला बाबली आठवतो. पुढची तीन वर्षे बर्फ त्यानेच आणला. नव्या डब्यात, ज्यात मासळी कधीच गेली नव्हती. डबा तो डोक्यावरून उतरवी, झाकण उघडी, आणि स्वतःच्या नाकावर विश्वास नसल्यासारखा मागे सरून ताईंना म्हणे,

"वास बघ गो बाय. आदी वास बघ."