पट्टेदार खडे

तळ्याकाठचे खडे काळसर हिरवे, आणि प्रत्येकाभोवती दोरा गुंडाळावा तसा एक पांढरा पट्टा. ते उचलायला बंदी होती. परतणाऱ्यांच्या पिशव्या तपासायला फाटकावर जी बाई बसे, तिला सगळे फाटकवालीच म्हणत. अकरा वर्षं तिथे बसून तिने नाना तऱ्हा पाहिल्या होत्या. कुणी मोज्यात खडा लपवी, कुणी लेकराच्या मुठीत देई. "आठवण म्हणून नेतोय, एवढ्याने तळं आटणार आहे का?" असं वर ऐकवीत. ती शांतपणे म्हणे, "आठवण डोक्यात न्या, ओझं होत नाही." हे वाक्य तिला तळ्याचे अधिकारी असलेल्या साहेबांनी शिकवलं होतं.

साहेब आता निवृत्त झाले होते. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा कचेरीतल्या सगळ्यांच्या वतीने फळं घेऊन ती त्यांच्या घरी गेली. काकू म्हणाल्या, "चहा टाकते. तोवर यांचा खजिना बघ."

बैठकीत भिंतभर काचेचं कपाट होतं. शंख, पोवळ्याचे तुकडे, रंगीत वाळूच्या बाटल्या, कुठल्याशा बर्फाळ डोंगरावरचा, फुटक्या पाटीसारखा चपटा दगड. साहेब जिथे जिथे दौऱ्यावर गेले, तिथली एकेक वस्तू. प्रत्येकीखाली त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात ठिकाण आणि तारीख. तिसऱ्या फळीवर नऊ पट्टेदार खडे ओळीने मांडलेले होते.

एका चिठ्ठीवरचं साल वाचलं आणि फाटकवालीच्या कानशिलात ठणका उठला. त्याच साली झाडूवाल्या मावशींना कामावरून काढलं होतं. त्यांच्या ओच्यात एक खडा सापडला होता. नातीला दाखवून उद्या परत आणते, असं मावशी सांगत राहिल्या. साहेब म्हणाले होते, "नियम म्हणजे नियम." आणि अहवाल फाटकवालीकडून लिहून घेतला होता.

साहेब काठी टेकत बाहेर आले. "कसं वाटलं कपाट?"

"हे खडे आपल्या तळ्याचे आहेत."

"अगं, तीस वर्षं राखलं मी ते तळं. एवढाही हक्क नाही का माझा?"

"मावशींनी सोळा वर्षं झाडलं."

साहेबांचा चेहरा उतरला नाही, उलट ताठरला. "ती चोरी होती. मी नोंद ठेवलीय, तारीख घातलीय. फरक असतो."

"आहे ना फरक. त्या खडा परत आणणार होत्या."

काकू चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकल्या. साहेब म्हणाले, "आजारी माणसाच्या घरी येऊन असं बोलायचं असतं का?"

"मला खडे द्या. काठावर टाकते."

"हात लावायचा नाही."

चहा न घेता ती निघाली. रस्ताभर तिच्या दाढा आवळलेल्या होत्या. साहेबांना काय काय सुनावायचं राहिलं ते ती मनात घोळवत होती, आणि तशीच मावशींच्या दारात जाऊन उभी राहिली. मावशी आता इस्त्रीची कामं करत. कपाटाचं सगळं त्यांनी इस्त्री न थांबवता ऐकलं.

"मग?" त्या म्हणाल्या.

"मग काय, मावशी? राग येत नाही तुम्हाला?"

मावशींनी इस्त्री उभी केली. "त्यांच्यावरचा राग केव्हाच जुना झाला. कागदावर सही कुणाची होती? मी तुला सांगत होते, नातीला दाखवून परत आणते. तू मान खाली घालून लिहीत होतीस. ओच्यात लपवला, असं लिहिलंस. लपवला नव्हता गं. मीच काढून तुला दाखवला होता."

मावशींनी तिला बस म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने दोन कागद लिहिले. एक साहेबांच्या नऊ खड्यांबद्दल. दुसऱ्यात, मावशींनी खडा स्वतःहून दाखवला होता आणि आपण खोटं लिहिलं, असं तारखेसकट. नव्या साहेबांनी वाचून कपाळाला हात लावला. "पहिला ठेव. दुसरा फाडून टाक. तुझीच नोकरी जाईल."

"दोन्ही नोंदवा," ती म्हणाली. "नाहीतर घेतले नाहीत, असं त्यांच्यावर लिहून सही करा."

तिचा आवाज इतका चढला होता, की बाहेर पिशव्या उघडून उभे असलेले प्रवासी आत डोकावू लागले. नव्या साहेबांनी नोंदीचा शिक्का ओढून घेतला आणि दोन्ही कागदांवर मारला.