तारेच्या आतलं गवत

मित्रांनो, मी आर्वी तालुक्यातली एक म्हातारी गवळाऊ गाय आहे. रोहण्याच्या पुढे, टेकड्यांच्या पायथ्याशी आमचं गाव आहे. तिथं आनंदाबाईंच्या गोठ्यात माझा जन्म झाला. रंगानं पांढरीशुभ्र म्हणून त्यांनी माझं नाव कवडी ठेवलं. आमची जात अंगानं सडपातळ, तोंडानं लांबट आणि पायांनी चपळ. आम्ही दूध फार देत नाही, पण दगडधोंड्यांची चढण आम्हाला सपाट रस्त्यासारखी वाटते. त्यातून मी लहानपणापासून चौकस. नवी वस्तू दिसली की तिला नाक लावल्याशिवाय मला चैन पडत नसे. एकदा मी भिंतीला लावायच्या चुन्याच्या बादलीत तोंड घातलं आणि जीभ पोळून घेतली. तरी दुसऱ्या दिवशी शेजारच्या बादलीत काय आहे, ते पाहायला गेलेच.

गावामागे उंचावर एक मोठं बरड आहे. तिथं मुरूम आणि दगड, म्हणून शेती होत नाही, गवत होतं. माझी आई मला तिथं घेऊन जाई. कोणतं गवत कधी खायचं, हे मी तिच्या तोंडाकडे पाहून शिकले. पवन्या कोवळा असताना गोड लागतो. मारवेल केव्हाही चांगलं. कुसळ मात्र फुलायच्या आत खायचं, नाहीतर ते टाळूला टोचतं. रायमुनियाच्या, म्हणजे घाणेरीच्या, झुडपाला तोंडच लावायचं नाही, कारण त्यानं जनावर आजारी पडतं.

पण मी वयात आले तोवर बरडाची दशा झाली होती. गावातली सगळी ढोरं रोज तिथंच जात. गवताचं पातं वर आलं की कुणीतरी ते खुडून टाकी. मुळांना दम घ्यायला सवडच मिळत नव्हती. मग जमीन उघडी पडली. जिथं पवन्या होता तिथं आम्ही तोंडही लावत नाही तो तरोटा माजला आणि कडेकडेनं रायमुनिया आत सरकू लागली.

तेव्हा गावातले बापूजी पुढे आले. ते निवृत्त शिक्षक. उंच, ताठ, आणि बोलायला लागले की अजून वर्गातच उभे असल्यासारखे. त्यांनी घरोघरी फिरून लोकांना पटवलं की बरड वाचवायचं असेल तर ढोरांना बंदी करावी लागेल. लोकांनी श्रमदानानं चर खणला, खांब रोवले, तार ओढली. त्या वयातही बापूजी स्वतः घमेली उचलत होते, ते मी पाहिलं आहे.

आमचे मात्र हाल झाले. रस्त्याच्या कडेला आणि शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जे मिळेल ते खायचं. चारा पुरेना, म्हणून पुष्कळांनी गाई विकल्या. आनंदाबाईंनी आम्हाला ठेवलं. रोज संध्याकाळी घरी येताना मी तारेपाशी थांबत असे. आत गवत वाढत होतं. आधी गुडघ्याएवढं, मग माझ्या पाठीएवढं. बापूजी ते पाहुण्यांना अभिमानानं दाखवत. त्यांचा अभिमान खोटा नव्हता. बरड खरंच हिरवं झालं होतं.

पुढे काही वर्षांनी मला एक गोष्ट कोड्यात पाडू लागली. तारेतून नाक आत घातलं तरी गवताचा वास येईना. जुनं, वाळलेलं गवत उभ्यानंच राखाडी होऊन आडवं पडलं होतं. त्याच्या गादीखाली नव्या कोंबाला ऊन मिळत नव्हतं. चंडोल पक्षी तिथं गात असत, तेही दिसेनासे झाले. मधूनमधून रायमुनियाची झुडपं पुन्हा डोकं वर काढत होती. आता तर आत कुणीच चरत नव्हतं. मग गवताला झालं तरी काय?

हाच प्रश्न आणखी एका व्यक्तीला पडला होता. तिचं नाव शाल्मली. ती वर्ध्याच्या एका कॉलेजात शिकवत असे आणि सुटीच्या दिवशी बरडावर येत असे. लोखंडी सळईची एक चौकट ती जमिनीवर ठेवी आणि तिच्या आत काय काय उगवलं आहे, ते पालथी पडून पाही. मित्रांनो, माणसाला गवतात इतकं तोंड खुपसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. एकदा तिनं चौकट तारेबाहेर ठेवली, तेव्हा मी ती चाटून पाहिली. चव काही खास नव्हती.

"ही तुमची गाय का?" शाल्मलीनं आनंदाबाईंना विचारलं.

"हो. कवडी. लय चौकस आहे. तुमच्यासारखीच," आनंदाबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

मग दोघी धुऱ्यावर बसल्या. शाल्मली म्हणाली, "मला एक शंका येते. या गवताला कुणी खाल्लं नाही, म्हणून तर ते मरत नसेल?"

"असं कसं? खाल्लं म्हणून मेलं होतं ना ते?"

"रोज खाल्लं म्हणून मेलं. पण एकदा खाऊन बराच काळ सोडून दिलं तर? पूर्वी हरणं, नीलगाई, गुरं येत असतील आणि पुढे जात असतील."

आनंदाबाई म्हणाल्या, "माह्या सासूबाई सांगत, पूर्वी ढोरं एका जागी ठेवत नव्हते म्हणून. काऊन ठेवत नव्हते, ते मी कधी विचारलंच नाई."

ढोरं थोडे दिवस आत सोडून पाहायला हवं, एवढं दोघींना पटलं.

बापूजींना हे कळलं तेव्हा ते फार अस्वस्थ झाले. समाजमंदिरासमोर सभा भरली. आम्ही जवळच्याच हौदावर पाणी पीत होतो.

"ज्या ढोरांनी बरड खाल्लं, त्याइलेच पुन्हा आत सोडायचं?" बापूजी म्हणाले. "इतकी वर्षं राखलं आम्ही ते. एका हंगामात मातीत जाईन!"

आनंदाबाईंचा मुलगा कैलास उभा राहिला. "बापूजी, आमच्या घरी आता विकत चारा आणून ढोरं पोसनं होत नाई. यंदा काही जमलं नाई तं मी सारी विकून टाकतो. मंग इथं गवळाऊ गाय पाहाले भेटनार नाई."

मी हौदातून तोंड वर काढलं. विकून टाकतो, हा शब्द मी गोठ्यात अनेकदा ऐकला होता. तो ऐकल्यावर गेलेली गाय कधी परत आली नव्हती.

शेवटी ठरलं, की बरडाचा एकच तुकडा उघडायचा आणि एक वर्ष पाहायचं. बिघडलं तर तार कायमची बंद.

थंडीच्या दिवसांत बायकांनी आधी रायमुनिया मुळासकट उपटून काढली. मग आमच्यासाठी फाटक उघडलं. मी सगळ्यांच्या पुढे होते. आत पाऊल टाकलं आणि जुनं गवत पायाखाली करकर मोडलं. खाण्यासारखं थोडंच होतं. आम्ही चाललो, तुडवलं, शेण टाकलं. एक भाग तुडवून झाला की कैलास आम्हाला पुढच्या भागात हाकी आणि मागे फिरू देत नसे.

महिनाभरानं बापूजी पाहायला आले. सगळं विस्कटलेलं, चुरडलेलं. त्यांनी मूठभर काड्या उचलल्या आणि हातातच धरून ठेवल्या.

"आनंदाबाई, पाहा काय करून ठेवलं."

"मलेही बरं वाटून नाई राह्यलं, बापूजी," आनंदाबाई हळूच म्हणाल्या. "पण आषाढ तं येऊ द्या."

आषाढ आला. मला खूप उत्सुकता होती. कैलास आम्हाला एकेका भागात थोडा काळ चारी आणि वेळ झाली की बाहेर काढी. पण त्याच दिवसांत त्याची बायको काजल बाळंतपणासाठी सेवाग्रामच्या दवाखान्यात होती. तिची तब्येत नाजूक झाली आणि कैलास तिकडेच अडकला. आनंदाबाईही सुनेपाशी गेल्या. शेजाऱ्यांनी आम्हाला बरडाच्या खालच्या, नाल्याकाठच्या भागात सोडलं आणि आम्हाला पाणी मिळतं ना, एवढंच ते पाहत होते. कोवळं गवत समोर, पाणी बाजूला. आम्ही खात राहिलो. मित्रांनो, कोवळं पातं दिसलं की गाय आपणहून थांबत नाही. तिला थांबवणारं कुणीतरी लागतं.

काजल सुखरूप झाली, घरात मुलगी आली. पण नाल्याकाठी नुसता चिखल उरला, आणि चिखल वाळल्यावर उगवला तो तरोटा.

बापूजींनी लगेच सगळ्यांना बरडावर बोलावलं. "झालं ना?" ते म्हणाले. आवाजात राग कमी आणि दुःख जास्त होतं. कैलास मान खाली घालून उभा होता. गोठ्यातल्या आम्हा सगळ्यांचं भवितव्य त्या एका तरोट्याच्या पट्ट्यावर येऊन ठेपलं होतं.

शाल्मली म्हणाली, "हा भाग बिघडला, हे खरं आहे. बापूजी, तुम्ही इतक्या वर्षांपूर्वी जे सांगत होता, तेच इथं दिसतंय. पण निर्णय घेण्याआधी वरचा भागही एकदा पाहूया का?"

बापूजी काठी टेकत चढले. आम्हीही मागोमाग गेलो, मला राहवेना. आधी तार ओढल्यापासून कुणीच न चरलेला भाग लागला. तिथं जुन्या गवताची तीच राखाडी गादी. मग आम्ही हिवाळ्यात तुडवलेला आणि पावसात थोडंच चरून सोडलेला भाग आला. बापूजी तिथं थबकले.

कुजलेल्या काड्यांमधून पवन्याचे ताजे झुपके वर आले होते. आमच्या खुरांच्या खळग्यांत माती आणि पाणी साठून बारीक रोपं धरली होती. शेणाचे पोवटे शेणकिड्यांनी पोखरून त्यांची चाळणी केली होती, आणि एक किडा आपल्याहून मोठा गोळा मागच्या पायांनी ढकलत चालला होता. बापूजी खाली बसले आणि त्या किड्याकडे टक लावून पाहू लागले.

मी एक पाऊल पुढे टाकलं. तेवढ्यात माझ्या खुरापाशीच फर्रकन आवाज झाला आणि लावा पक्षी उडाला. मी पाय हवेतच धरला. खाली झुपक्याच्या आडोशाला ठिपक्यांची अंडी होती. कैलासनं माझी मान धरून मला हळूच मागे घेतलं.

बापूजींनी ती अंडी पाहिली.

"आनंदाबाई," ते म्हणाले, "मी तार बांधली, ते चुकलं काय?"

"नाई, बापूजी. तार नसती तं आज इथं गवताची मुळंबी राहिली नसती. पण आता ते फाटक वेळेवर उघडनं अन् वेळेवर लावनं, हे काम आहे. कैलास एकटा कुठं कुठं पुरन?"

बापूजी काठीवर जोर देऊन उठले. "कैलास, तुले गावाले जायाचं असलं तं मले सांगजो. ढोरापाशी मी थांबीन."

"तुम्ही?" कैलास चकित झाला. "तुम्ही तं ढोरं कधी वळली नाई!"

"पन्नास पन्नास पोरं वळली लेका. ह्या तं गाई आहेत."

सगळे हसले. कैलासनं मात्र डोळे पुसले.

पुढचा पोळा झाल्यावर बापूजी खरोखरच आले. मी तुम्हाला खरं सांगते, ते गुराखी म्हणून फार चांगले नव्हते. ते "चला, रांगेत चला" असं म्हणत आणि आम्ही रांगेत जात नसू. पण वेळ झाली की ते आम्हाला एक घासही जास्त खाऊ देत नसत. आनंदाबाईंच्या गोठ्यातली एकही गाय विकली गेली नाही. नाल्याकाठचा भाग गावानं पूर्ण विश्रांतीला सोडला. तो अजून नीट सुधारलेला नाही. काही जखमांना जास्त वेळ लागतो, असं शाल्मली म्हणते.

आता माझे गुडघे दुखतात. कळपाच्या पुढे माझी नात चालते आणि मी शेवटी. मित्रांनो, माळावर चरणारी गाय दिसली तर तिला लगेच दोष देऊ नका, आणि लगेच शाबासकीही देऊ नका. ती तिथं किती वेळ थांबते, आणि ती गेल्यावर गवताला किती विश्रांती मिळते, एवढं विचारा. माळ जिवंत ठेवायला आमचं तोंड लागतं, आमचे खूर लागतात. पण आम्हाला पुढे हाकणारं तुमचं शहाणपणही लागतं.

यंदा वरच्या उतारावर एक गवत आलं आहे. बारीक पातं, तांबूस देठ. बापूजींनी ते ओळखलं नाही, आनंदाबाईंनी नाही आणि शाल्मलीनंही नाही. त्या भागाची पाळी दिवाळीनंतर आहे. मी वाट पाहते आहे. त्याची चव कशी असेल, हे सगळ्यांच्या आधी मलाच कळणार आहे.