दोन कुलपांमागची गिरणी

मी भाताची गिरणी बोलतेय. वेल्ह्याच्या वाटेवर एका गावात, पत्र्याच्या शेडमध्ये मी उभी होते. चिमाजींनी मला भोरहून टेम्पोतून आणलं. त्यांच्या बायकोनं, बाळाबाईंनी, मला हळदकुंकू लावलं आणि पहिलं पाटीभर भात स्वतःच्या हातानं माझ्यात ओतलं.

बाळाबाईंची एक रीत होती. सुगीआधी त्या सगळ्यांना माझ्यापाशी बसवायच्या. थोरला मुलगा गोरख, धाकटा हनुमंत आणि गोरखची बायको सुलक्षणा. यंदा कुणी काय बघायचं, ते तिथं ठरायचं. वादही व्हायचे, पण उठताना प्रत्येकाला आपलं काम ठाऊक असायचं.

बाळाबाई गेल्या आणि ते बसणं थांबलं. सुलक्षणानं एकदा विचारून पाहिलं, "मामंजी, यंदा बसायचं न्हाई का?"

"कशाला? म्या हाय की अजून," चिमाजी म्हणाले.

तिथून पुढं सगळं त्यांच्या एकट्याच्या मनात राहिलं. ते सांगत, मुलं करत. गिरणी चांगली चालली होती, म्हणून कुणाला त्यात वावगंही वाटलं नाही. आपल्यामागं कुणाचा शब्द चालायचा, ही गोष्ट मात्र कधी निघालीच नाही.

एके सकाळी चिमाजी माझ्यासमोरच कोसळले. दवाखान्यातून परत आले ते वाचा गमावून. मुलांनी त्यांना खुर्चीत बसवून शेडमध्ये आणलं. गोरखनं विचारलं, "आबा, गिरणी कुणी बघायची? नुसतं बोट दावा."

चिमाजींनी हात उचलला. तो दोघांच्या मधोमधच राहिला. गोरखला वाटलं, आपल्याकडं दाखवलं. हनुमंतलाही तसंच वाटलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

गोरखला गावाचं भात भरडून द्यायचं होतं. हनुमंतला तांदूळ पिशव्यांत भरून पुण्याला विकायचा होता. दोघांचंही चुकत नव्हतं. पण एकानं लोकांना शब्द द्यायचा आणि त्याच दिवशी दुसऱ्यानं स्वतःची पोती आणून टाकायची. भाताचं टरफल काढणारे माझे रबरी रोल झिजले, तांदळाची कणी व्हायला लागली. गोरख म्हणे दुरुस्त करू, हनुमंत म्हणे नवीनच मशीन घेऊ. शेवटी काहीच झालं नाही. सुलक्षणा दोघांनाही एकत्र बसा म्हणून विनवत राहिली. तो आधी येऊ दे, मग मी बसतो, असं दोघंही म्हणायचे.

एकदा कडाक्याचं भांडण झालं, गोरखनं शेडच्या दाराला कुलूप ठोकलं आणि त्याशेजारी हनुमंतनं आपलं कुलूप घातलं. ऐन सुगीत लोक पोती घेऊन दाराशी ताटकळले आणि शेवटी नसरापूरच्या गिरणीकडं गेले. पुढच्या सुगीला कुणी फिरकलंच नाही.

आज दोन्ही कुलपं निघाली, ती मला भंगारात द्यायला. मला उचलायला एकाचं बळ पुरेना. हनुमंत हळूच म्हणाला, "दादा, तुज्या बाजूला वजन लई हाय. सावकाश."

"धरलंय म्या," गोरख म्हणाला.

कित्येक महिन्यांनी ते एकमेकांशी बोलले. दारात खुर्चीत बसलेले चिमाजी ऐकत होते.

आता मी कापूरहोळजवळ भंगाराच्या ढिगात आहे. उद्या माझे भाग सुटे होतील. तुमच्याही घरात चौघांनी मिळून चालवलेलं काही असेल, तर सगळ्यांना जवळ बसवा आणि आपल्यामागं कोण ते तोंडानं सांगा. सगळं सुरळीत चाललंय तेव्हाच सांगा.

येते मी.